जुळ्या कोकरांचे मूळ : सुंदरबन, बुरूला आणि फलटण

दख्खनच्या पठारावरील मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. धनगरांच्या व्यवहारात ही गोष्ट इतकी मुरलेली आहे की पुढील हंगामाचा अंदाज बांधताना मेंढ्यांची संख्या आणि अपेक्षित कोकरांची संख्या जवळजवळ एकच धरली जाते. तीतून भाकड राहिलेल्या मेंढ्या आणि दगावणारी कोकरे वजा करावयाची, एवढेच. शंभर वेतांत जुळ्यांची वेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पशुसंवर्धनाच्या ग्रंथांतून ही गोष्ट दख्खनी जातीचे वैगुण्य म्हणून नोंदविण्याची प्रथा आहे. ते वैगुण्य खरोखर मेंढीचे, मुलखाचे की मोजणाऱ्याच्या मापाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. जुळ्या कोकरांच्या एका लांबलचक प्रवासाचा इतिहास गेल्या काही दशकांत बराचसा उलगडला असल्यामुळे तो प्रश्न आता विचारता येण्यासारखा झाला आहे.

प्रथम दख्खनी कळपाची वीण कशी होते हे पाहणे अवश्य आहे. माण, खटाव, फलटण, सांगोला, आटपाडी हा अवर्षणाचा पट्टा म्हणजे या मेंढीचे घर. मृगाच्या पावसाने माळावर कोवळे गवत उगवले की मेंढ्या माजावर येतात; गर्भकाल सुमारे पाच महिन्यांचा; त्यामुळे कोकरांची मुख्य भर कार्तिक-मार्गशीर्षात येते. नेमक्या याच सुमारास घरचा माळ वाळून गेलेला असतो आणि वाडा मुक्काम हलवीत चाऱ्यामागे निघालेला असतो. पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवावयाच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य अथवा रोकड घ्यावयाची, आणि दोनचार रात्रींनी पुढील शिवार गाठावयाचे, असा हा क्रम आहे. रात्री कळपाभोवती जे जाळे उभारतात त्यास ‘वाघर’ म्हणतात. वाघापासून रक्षण करते ते वाघर, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह सहज होतो. परंतु शब्दाचे नाते संस्कृत ‘वागुरा’ या शब्दाशी, म्हणजे पारध्याच्या जाळ्याशी आहे. हरणे धरण्याचे साधन मेंढ्या राखण्याच्या कामी आले, एवढा अर्थपालट त्यात झालेला दिसतो.

अशा चालत्या संसारात मेंढी विते. बहुधा रात्री किंवा पहाटे, वाघरीच्या आतच. कोकरू चाटून कोरडे करणे, पहिला चीक पाजणे, वार पडली की नाही हे पाहणे, या सर्वांना वेळ थोडा असतो, कारण उजाडल्यावर कळप चरावयास बाहेर पडणार. पहिल्या एकदोन तासांत मेंढी आपल्या कोकराचा वास ओळखून घेते. पुढे ज्याचा वास ओळखीचा नाही त्यास ती जवळ येऊ देत नाही. एकच कोकरू असेल तर हा व्यवहार सुरळीत पार पडतो. दोन असतील तर पहिले उभे राहून आचळ शोधू लागते, दुसरे अजून ओलेच असते, आणि आई पहिल्यामागे चार पावले सरकते. त्या चार पावलांतच दुसऱ्याचे भवितव्य ठरते. माणूस जवळ असला तर तो दुसऱ्याला उचलून आईच्या तोंडापुढे धरतो; नसला तर थंडी आपले काम करते. चालू न शकणारी कोकरे बिऱ्हाडाबरोबर घोड्यावर लादून पुढील मुक्कामास नेतात आणि दिवसभर ती बायकांच्या व मुलांच्या हवाली असतात. संध्याकाळी कळप परतला म्हणजे प्रत्येक कोकरू आपापल्या आईला भेटविणे हे त्या दिवसांतले मोठे काम. घोड्याची पाठ, बायकांचे हात आणि आईचे दूध यांना मर्यादा आहे. जुळे ही मर्यादा ओलांडते.

त्यांतही खरी मर्यादा दुधाची. मराठीतील ‘गाभण’ हा शब्द ‘गर्भिणी’पासून आणि ‘पान्हा’ हा ‘प्रस्नव’पासून आला, हे सर्वमान्य आहे, प्रस्नव म्हणजे पाझरणे. गाईच्या संबंधी हा शब्द वाङ्‌मयात भरपूर सापडतो. मेंढीच्या दुधाचा उल्लेख मानाने फारच विरळा. पाणिनीय परंपरेतील एका वार्त्तिकात मात्र ‘अवि’ शब्दापासून तिच्या दुधाची तीन नावे सिद्ध केलेली आहेत : अविसोढ, अविदूस आणि अविमरीस. एका पदार्थास तीन नावे असणे हे त्या पदार्थाचा व्यवहार चालू असल्याचे लक्षण होय. दख्खनमध्ये मेंढीचे दूध बाजारात येत नाही. थोडेफार बिऱ्हाडापुरते काढले जाते आणि उरलेल्यावर कोकराचा हक्क. वाळलेल्या माळावर दिवसाकाठी कोसच्या कोस चालून येणाऱ्या मेंढीला एकाच्या पोषणाइतका पान्हा फुटतो. जन्मतःच वजनाने कमी असलेली दोन कोकरे त्यावर वाढवावयाची तर दोन्ही रोडावण्याचा संभव अधिक. तेव्हा एका वेताला एक कोकरू ही रीत या मुलखाने, या चालीने आणि या दुधाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेली आहे, असे म्हणणे भाग पडते. धनगराने जुळ्यांची निपज वाढविण्याचा यत्न केला नाही यात त्याचे अज्ञान पाहणाऱ्यांनी त्याच्याबरोबर एखादा हंगाम चालून पाहिलेला नसावा.

याच्या अगदी उलट स्थिती देशाच्या दुसऱ्या टोकास, गंगेच्या मुखाशी आहे. सुंदरबनच्या दलदलीत एक लहानखुरी मेंढी पाळली जाते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन दहापंधरा किलोच्या आसपास, लोकर भरड आणि नाममात्र, कळप चारदोन जनावरांचा. भातखाचरांच्या बांधावर, प्रसंगी गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. रात्री घराच्या आडोशाला येते. तिला जुळी होणे ही नित्याची गोष्ट, तिळीही अपूर्वाई नाही. इंग्रजी लेखनावरून आलेल्या ‘गारोल’ या रूपाने तिचे नाव शास्त्रीय ग्रंथांत रूढ झाले आहे. त्या लेखनामुळे एक जुना शब्द झाकला गेला. बंगालीत मूळ शब्द ‘गाड़ल’ असा असून त्याचा अर्थ नुसता ‘मेंढी’ असा होतो, आणि लक्षणेने ‘मूर्ख’ असाही. संस्कृत ‘गड्डर’, ‘गड्डल’ यांच्याशी त्याचा संबंध उघड आहे. हिंदीतील ‘गाडर’ (मेंढी) आणि ‘गडरिया’ (मेंढपाळ) हे शब्द त्याच कुळातील. एकामागून एक डोळे मिटून जाण्यास संस्कृतात ‘गड्डरिकाप्रवाह’ म्हणतात तोही त्याच कुळातला. अर्थात ज्यास आज एका विशिष्ट जातीचे नाव मानले जाते, ते त्या गावच्या लोकांच्या तोंडी केवळ ‘मेंढी’ असेच आहे. आपल्या घरच्या प्राण्याला वेगळे जातिनाम लागते ते परक्यांच्या दृष्टीस तो पडल्यावर.

सुंदरबनच्या कळपाला चालावयाचे नसते. आई व कोकरे दिवसभर एकमेकांच्या नजरेत असतात, हिरवा चारा बाराही महिने थोडाफार मिळतो, आणि रोडावलेल्या कोकराकडे पाहण्यास घरचे माणूस हाताशी असते. जनावर लहान असल्यामुळे दोघांना लागणारे दूधही थोडेच. अशा संसारात जुळी कोकरे पेलतात. म्हणून ती टिकली.

या बंगाली मेंढीचा समुद्रप्रवास अठराव्या शतकाच्या अखेरीस घडला. ब्रिटिशांनी १७८८ साली न्यू साउथ वेल्समध्ये कैद्यांची वसाहत स्थापन केली, तेव्हा बरोबर आणलेल्या मेंढ्यांपैकी थोड्याच जगल्या. वसाहत उपासमारीच्या उंबरठ्यावर आली आणि धान्यासाठी ‘अटलांटिक’ नावाचे जहाज कलकत्त्यास धाडण्यात आले. जून १७९२ मध्ये ते परतले ते तांदूळ, डाळ आणि थोडे पशुधन घेऊन. त्यात बंगालच्या मेंढ्या होत्या. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याच्या १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात या मालाची नोंद असून ‘डाळ’ हा शब्द त्याने इंग्रजी अक्षरांत तसाच उतरविला आहे. (ऑस्ट्रेलियातील इंग्रजीत तो तेव्हा रुजला नाही, मेंढ्या मात्र रुजल्या.) फेब्रुवारी १७९३ मध्ये ‘शाह होर्मुझियर’ हे फारसी वळणाच्या नावाचे जहाज कलकत्त्याहून आणखी मेंढ्या घेऊन पोहोचले, यद्यपि त्यांतील बऱ्याच वाटेतच दगावल्या होत्या. पुढे लोकरीच्या व्यापाराचा प्रवर्तक म्हणून गाजलेला जॉन मकार्थर याने १७९४ साली कलकत्त्याच्या एका जहाजावरून साठ बंगाली मेंढ्या कोकरांसह विकत घेतल्याचे स्वतःच पुढे सांगितले आहे. आयर्लंडहून आलेल्या मेंढ्याशी त्यांचा संकर होताच कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर यांची सरमिसळ दिसू लागली, हे त्याच्या लक्षात आले. त्यावरून लोकर सुधारण्याची कल्पना त्यास सुचली. १७९७ साली केप ऑफ गुड होपहून मेरिनो मेंढ्या आल्या आणि यानंतरचा ऑस्ट्रेलियाचा मेंढपाळीचा इतिहास हा मेरिनोच्या लोकरीचा इतिहास होऊन बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बंगाली मेंढीचे वर्णन करणाऱ्या त्या काळच्या युरोपीयांनी तिचा आकार आणि तिचे अंगावरचे केस यांकडे पाहिले, आणि दोन्ही दृष्टींनी ती हीन ठरविली. मोजमाप लोकरीचे होते. तिच्या पोटात जो गुण होता त्यास हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता. लोकरीचे पीक दर मेंढीमागे मोजले जाई. कोकरू हे उद्याची लोकर, एवढ्याच अर्थाने महत्त्वाचे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मेरिनो नर वापरून या मिश्र कळपांतील बंगाली अंश धुऊन काढण्यात आला. प्रत्येक पिढीत तो निम्मा होतो. दहा पिढ्यांनंतर हजारात एक भागही उरत नाही. कोणत्याही वंशावळीच्या पुस्तकात त्यानंतर बंगालचे नाव सापडावयाचे नाही.

परंतु रक्ताचा हिशेब आणि एकेका गुणाचा हिशेब वेगळा असतो. न्यू साउथ वेल्समधील कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधू मेरिनोचा एक कळप बाळगून होते. अनेक कोकरे देणाऱ्या मेंढ्या आणि त्यांची प्रजा राखून ठेवण्याचा नाद या बंधूंना होता. लोकरीच्या राज्यात हा नाद लहरीपणाचाच म्हणावयाचा. १९५८ साली त्यांनी एकाच वेतातील पाच भावंडांपैकी एक नर त्या देशाच्या शास्त्रीय संशोधन संस्थेस भेट दिला आणि संस्थेने त्यांच्या कळपातील काही मेंढ्या विकत घेतल्या. पुढील वर्षी सहा भावंडांतील एक मेंढीही दिली गेली. संस्थेतील हेलन न्यूटन टर्नर या संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी जुळ्यांच्या निवडीचे प्रयोग आधीच चालविले होते. निवडीने गुण वाढतो तो हळूहळू, अनेक लहान कारणांच्या बेरजेने, अशी तेव्हाची समजूत होती. बुरूलाच्या मेंढ्या त्या समजुतीत बसेनात. एका वेताला सरासरी दोनाहून अधिक कोकरे, आणि तीही मेरिनोसारख्या जातीत, हे हळूहळू साधलेले फळ वाटत नव्हते.

१९८० साली आर्मिडेल येथे भरलेल्या विद्वानांच्या परिषदेत पायपर आणि बिंडन यांनी असे प्रतिपादन केले की हे सारे एकाच जनुकाचे कार्य आहे. त्या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीत दर ऋतुचक्रास सुमारे दीड बीज अधिक पक्व होते, दोन प्रती असल्यास सुमारे तीन. न्यूझीलंडमधील डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनीही तोच निष्कर्ष पुढे आला. १९८२ साली या परिषदेतील निबंध प्रसिद्ध झाले, त्यात टर्नर यांनी बुरूला कळपाच्या मुळाचा शोध घेताना १७९२-९३ च्या बंगाली मेंढ्यांकडे बोट दाखविले. कागदोपत्री पुराव्याने ही गोष्ट सिद्ध होण्यासारखी नव्हती. ते काम वीस वर्षांनी रक्ताच्या थेंबाने केले. २००१ साली तीन स्वतंत्र गटांनी या जनुकातील नेमका बदल हुडकून काढला : एका प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या स्थानी ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन आलेले आहे, इतकाच तो बदल. २००२ साली डेव्हिस आणि इतरांनी निरनिराळ्या देशांतील बहुप्रसव मेंढ्या तपासल्या, तेव्हा हाच बदल सुंदरबनच्या मेंढीत आणि जावा बेटावरील मेंढीत सापडला. पुढे तो चीनमधील काही जातींत आणि ओडिशातील केंद्रापाडा मेंढीतही आढळला. एकाच अक्षराचा तोच प्रमाद दोन हस्तलिखितांत आढळला म्हणजे पाठचिकित्सक त्यांचे मूळ एक मानतो. येथील अनुमानाची पद्धती तीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. बुरूलाचा हा गुण ऑस्ट्रेलियाने जगाला दाखविला, पण ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या कळपांत तो फारसा पसरला नाही. हजारो मेंढ्या विस्तीर्ण कुरणांत मोकळ्या विणारा तो व्यवहार. तेथे तिसरे-चौथे कोकरू उचलून आईपुढे धरण्यास माणूस नसतो. विशेष असे की ज्या कारणाने दख्खनचा धनगर जुळ्यांबद्दल उदासीन होता, जवळजवळ त्याच कारणाने हे श्रीमंत मळेवालेही उदासीन राहिले. एकाकडे दूध आणि चारा अपुरा, दुसऱ्याकडे हात अपुरे.

दरम्यान दख्खनमध्ये मेंढीचे अर्थशास्त्रच पालटले. विसाव्या शतकात सरकारी प्रयत्नांचा रोख बव्हंशी लोकर सुधारण्याकडे राहिला. मेरिनो आणि रांबुये नरांशी दख्खनी मेंढ्यांचे संकर झाले, म्हणजे १७९७ चेच माप येथे पुन्हा लावले गेले. पण सणगरांच्या घोंगड्यांची मागणी घटत गेली आणि भरड काळ्या लोकरीला कातरणीच्या मजुरीइतकाही भाव येईनासा झाला. आज धनगराचे उत्पन्न लोणंदसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या तीनचार महिन्यांच्या कोकरावर अवलंबून आहे. कळप मात्र वाढविता येत नाही, कारण कालव्याखाली ऊस आला, पडीक रान आणि गायराने आक्रसली. मेंढ्या तितक्याच ठेवावयाच्या आणि विकण्यास कोकरे अधिक हवीत, असे गणित होताच जुळ्या कोकराची किंमत बदलली.

फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात सुंदरबनातून मेंढ्या आणून दख्खनी मेंढीच्या लोणंद भागातील वाणाशी त्यांचा संकर सुरू केला. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी यांचे हे कार्य ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या साहाय्याने चालले. दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याहून गेलेल्या गुणाचे ज्ञान आर्मिडेलमार्गे फलटणास आले आणि प्रत्यक्ष मेंढ्या मात्र आगगाडीच्या अंतरावरून, हा इतिहासातील विनोदच होय. संकरानंतर पुन्हा पुन्हा दख्खनी रक्ताकडे वळून, आकार आणि काटकपणा दख्खनीचा व जनुक तेवढा बंगालचा, असा मेळ साधण्यात आला. या मेंढ्यांना ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. त्यातील ‘नारी’ हा संस्थेच्या इंग्रजी नावाचा आद्याक्षरी संक्षेप आहे, हे बहुतेक ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

या प्रयोगाचे मर्म ‘एक की दोन’ या निवडीत आहे. सुंदरबनच्या बहुतांश मेंढ्यांत जनुकाच्या दोन्ही प्रती असतात आणि लहान देहामुळे तेथे ते निभते. दख्खनच्या मोठ्या देहाच्या मेंढीत दोन प्रती म्हणजे तिळ्यांची धास्ती. माळावर त्या निभावयाच्या नाहीत. एक प्रत असलेली मेंढी काही वेतांना एक आणि काहींना दोन कोकरे देते, शंभर वेतांमागे दीडशेच्या आसपास. हे प्रमाण धनगराच्या चालत्या संसाराला पेलण्याजोगे निघाले. अर्थात गाभणपणाच्या अखेरच्या आठवड्यांत थोडा खुराक, विताना राखण आणि दुबळ्या कोकराला वरचे दूध, एवढी तजवीज त्याने करावयाची या अटीवर. ती तजवीज बहुधा घरातील बायांकडेच येते. एका बाईने आठ कोकरे सांभाळावयाची ती बारा झाली, तर वाढलेल्या उत्पन्नात तिच्या श्रमाचा वाटा किती, ही मोजणी ‘दर मेंढीमागे’ उत्पन्न सांगणाऱ्या कोष्टकांत होत नाही. लोकरीच्या काळी जसा विणीस रकाना नव्हता, तसाच हाही रकाना अद्याप कोष्टकांत आलेला नाही.

शिवाय एक प्रत असलेली मेंढी आपोआप टिकत नाही. साध्या नराशी तिचा संयोग झाला तर निम्म्या मुलींत जनुक उतरते, निम्म्यांत नाही; तशाच एक प्रत असलेल्या नराशी झाला तर चौथा हिस्सा दोन प्रतींच्या निपजतात. डोळ्यांना यांतील भेद दिसत नाही. नराच्या अंगी तर या गुणाचे कोणतेच चिन्ह नसते, आणि पहिल्या वेताला एकच कोकरू झालेली मेंढी पुढे जुळी देणार की नाही हे सांगता येत नाही. सुंदरबनात हा गुण वही-पुस्तकावाचून शतकानुशतके चालत आला. फलटणच्या परिसरात तो राखावयाचा तर दोन प्रतींचे नर संस्थेने पुरवावयाचे, साध्या मेंढ्यांवर ते सोडावयाचे, आणि पुढच्या पिढीतील प्रत्येक राखीव कोकराचे रक्त तपासून मगच त्याला कळपात ठेवावयाचे, असा क्रम बांधून घ्यावा लागतो.